जानेवारीत बोलवा

घराची किल्ली देताना सेराफिना टीचर म्हणाल्या,
"पावसात काय, कुणाचीही बाग बागच असते.
बेळगावात तर तेव्हा कंपाउंडच्या भिंतीलाही पानं फुटतात.
मला जानेवारीत बोलवा. मग बघू."

मी हसले. जून होता.
जिन्यावर शेवाळ, दोरीवर न वाळणारे टॉवेल,
आणि फाटकाशी ते उंच, भेगाळ सालीचं झाड,
जरा वारा आला की ज्याची फांदी काडकन मोडायची
नव्या गाडीच्या टपावर.

निंगाप्पा कंग्राळीहून सायकलवर येई.
"बूच हाय त्ये, बाई. ऱ्हाऊ द्या की."
मी म्हटलं, देतं काय ते? ना फळ, ना धड सावली.
तो काही बोलला नाही.
कुऱ्हाडीला धार लावायला मात्र त्यानं आठवडा घेतला.

मग थंडी आली, कॅम्पाच्या बाजूनं,
पहाटेचा बिगुल धुक्यात गुंडाळून घेऊन,
आणि मला हळूहळू कळू लागलं
टीचरनी काय काय लावून ठेवलं होतं.

चाफा. मी मेलाच समजत होते त्याला.
पानं टाकून मोकळा झालेला,
करड्या फांद्या, टोकं बोथट,
हातमोजे घातल्यासारखी.
पेरूचं खोड तांबूस, मध्येच हिरवट,
हात लावला तर नुकत्याच न्हालेल्या
मुलाच्या पाठीसारखं गार.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमकी दिसेल अशी लालपत्ती,
नाताळाआधी आठवडाभर पेटलेली
आणि संक्रांतीचे तीळ भाजतानाही न विझलेली.
ज्या कुंपणाला पाऊसभर नुसते काटे म्हणाले
ती निळी कोरांटी निघाली.
कामिनीची इवली लाल फळं बुलबुलांनी आधीच वाटून घेतलेली.
आणि मागे सिल्व्हर ओक,
ऊन तिरपं झालं की पानांची उलटी बाजू दाखवणारा.

भरगच्च काहीच नाही.
प्रत्येक गोष्टीभोवती जागा.
जेवणावळ उठल्यावर मांडवात मागं राहिलेली
दोन-चार माणसं खरं बोलू लागतात, तसं.

फक्त फाटकापाशी एक भोक.
तिथून सकाळचं ऊन थेट व्हरांड्यात,
नको तितकं, न विचारता.

जानेवारीत मी टीचरना बोलावलं.
लोकरी टोपी, हातात कुंद्याचा पुडा.
आत येण्याआधीच थांबल्या.
बुंध्याच्या चकतीवर मी तुळशीची कुंडी ठेवली होती,
झाकायला.
त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"नोव्हेंबरात पहाटे इथं झाडू मारायचा नाही,
असा आमच्याकडे नियम होता," म्हणाल्या.
एवढंच.
मग चाफ्याखाली उभ्या राहून चहा प्यायल्या,
दोन कप.

यंदा हिरेमठ वहिनींनी भिंतीपलीकडून हाक मारली.
त्यांच्या कढीपत्त्यामागे, फरशी उचकटून,
तीन कोंब वर आलेत, हातभर.
"आकाशमल्लिगे," त्या म्हणाल्या,
"तुमच्याकडून आली. ठेवून घेऊ का?"
आमच्यात त्याला बूच म्हणतात, मी म्हटलं,
आणि मी ते तोडलं.
"गोत्तु," त्या म्हणाल्या.
माहीत होतंच त्यांना. आवाज आला असणार दोन दिवस.

निंगाप्पानं भिंतीवरून वाकून पाहिलं,
पलीकडे जाऊन कोंबांभोवती विटा रचल्या.
"फुलायला पाच-सा वर्सं तरी," म्हणाला,
"आन् फांदी मोडायची ती मोडणारच, आधीच सांगतो."

तरी मी आता गाडी बाहेर रस्त्यावर लावते.
आणि नोव्हेंबर लागला की
झाडू हातात घेऊन फाटकाशी जाते,
थोडा वेळ उभी राहते,
तसाच परत आणून ठेवते.